कोरा माल आणि छापलेला माल

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सांगलीत गाळा घेऊन टी-शर्ट छपाईचं नक्की केलंस, हे फार छान झालं. मशिन कोणतं घेऊ, असं विचारलंयस. मशिनच्या आधी रॅक घे. या धंद्यात छपाई बिघडून बुडणारे कमी. न खपणाऱ्या साइजच्या ढिगात भांडवल अडकून दमणारे जास्त. म्हणून आधी मालाचं लिहितो, मग छपाईचं.

पहिला नियम: कोरा माल ठेव, छापलेला ठेवू नकोस. कोरा काळा एल साइजचा टी-शर्ट आज मंडळाला जाईल, उद्या कॉलेजला. त्यावर एकदा 'गोविंदा पथक' छापलं की तो गोपाळकाल्यानंतर पोतेऱ्याच्या भावाचा.

दुसरी गोष्ट रंगांची. समज, सुरुवातीला ३०० नग घेणार आहेस. काळा, पांढरा आणि नेव्ही ब्लू हे तीन रंग, एस ते डबल एक्सएल असे पाच साइज, फक्त राउंड नेक. झाले १५ खाने, प्रत्येक खान्यात सरासरी २० नग. आता हेच ३०० नग आठ रंग, सहा साइज आणि राउंड व कॉलर असे दोन प्रकार घेऊन भरलेस तर खाने होतात ९६ आणि खान्यात येतात जेमतेम तीन. दुकान भरलेलं दिसेल, पण ३० नगांची साधी ऑर्डर एका रंगात पूर्ण करता येणार नाही. भगवा, पिवळा, मरून हे रंग ऑर्डर आल्यावर मागव.

साइजचं प्रमाण मोठ्या माणसांसाठी शंभरात साधारण असं धर: एस १०, एम २५, एल ३०, एक्सएल २०, डबल एक्सएल १०, ट्रिपल एक्सएल ५. कॉलेजच्या ऑर्डरीत एस आणि एम वाढतात, सोसायटीच्या ज्येष्ठांच्या ऑर्डरीत वरचे साइज. ट्रिपल एक्सएल रॅकवर न ठेवता ऑर्डरीपुरताच आणलास तरी चालेल. आणि साइज तोंडी कधीच घेऊ नकोस. एकाचा एल म्हणजे छाती ४०, दुसऱ्याचा ४२. प्रत्येक साइजचा एक नग 'ट्रायल सेट' म्हणून बाजूला ठेव, मंडळाच्या पोरांना अंगाला लावून बघू दे, मगच यादीवर सही घे.

माल शेवटी तमिळनाडूतल्या तिरुपूरचाच येईल, थेट घे नाहीतर पुण्या-मुंबईच्या होलसेलरकडून. दर ऐकण्याआधी कापड तपास. १८० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) सांगतात आणि १६० देतात, हे नेहमीचं. नमुन्याच्या टी-शर्टातून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन काप आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोल. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम, १.६ भरला तर १६०. शंभर टक्के कॉटन म्हणाले तर बाजूचा धागा ओढून जाळ: कॉटन कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. मग एक नग मोजून धू, वाळव, परत मोज. लांबीत तीन ते पाच टक्के आटणं चालवून घ्यावं लागतं. त्याहून जास्त आटला, किंवा बाजूची शिलाई पिळवटून पोटावर आली, तर तो पुरवठादार सोड. धुतल्यावर पिळवटणाऱ्या टी-शर्टावर छपाई कितीही सरळ केलीस तरी ती तिरकीच दिसणार.

रंगाच्या लॉटकडे, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाकडे, डोळ्यात तेल घालून बघ. एकाच भगव्याचे दोन लॉट वेगळे निघतात. वेगवेगळे बघताना कळत नाही, पण १५० जण मिरवणुकीत शेजारी उभे राहिले की फोटोत सरळ दोन रंग दिसतात. खोक्यावर लॉट नंबर आणि आल्याची तारीख मार्करने लिही. एका ऑर्डरीत दोन लॉट मिसळू नकोस. जुना माल आधी काढ. पांढरे टी-शर्ट पॉलिथिनच्या पिशवीत महिनोन् महिने पडले की घडीवर पिवळे पडतात. त्यात कापडाचा दोष नसतो, पिशवीतल्या रसायनाची हवेतल्या वायूंशी क्रिया होते. रॅक जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून वीतभर लांब.

आता वही. कॉम्प्युटरवरची साधी शीट पुरे, पण प्रत्येक खान्याला तीन आकडे हवेत: हातात किती, बांधलेले किती, वाटेवर किती. काळा एल हातात ४० आहेत, पण त्यातले ३५ कालच्या ऑर्डरीला बांधले, तर नव्या गिऱ्हाईकाला सांगायचा आकडा ५. ॲडव्हान्स आला त्या मिनिटाला माल 'बांधलेला' रकान्यात गेला पाहिजे. डिलिव्हरीला वजा करत बसलास तर तोच माल दोनदा विकशील. समज, सुट्ट्या गिऱ्हाइकांत काळा एल आठवड्याला १४ जातो, म्हणजे रोज दोन. फोन केल्यापासून माल रॅकवर यायला आठ दिवस धर: १६ झाले. वर एका आठवड्याची उशी, १४. मोकळा माल (हातातला वजा बांधलेला) आणि वाटेवरचा मिळून आकडा ३० वर आला की फोन करायचा. या सरासरीत मंडळाची १५० नगांची ऑर्डर मिसळू नकोस. ती एकदा येते, तिच्या हिशोबाने रॅक भरलास की माल अंगावर पडतो. मोठ्या ऑर्डरीचा माल त्या ऑर्डरीच्याच ॲडव्हान्समधून आण. म्हणून ॲडव्हान्स निम्म्याहून कमी घ्यायचा नाही, ओळख कितीही असो.

छपाईकडे येतो. स्क्रीन म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणं, दर रंगाला वेगळी जाळी. डीटीएफ म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने टी-शर्टावर चिकटवणं. समज, स्क्रीनचा फिल्मसकट आणि लावण्या-धुण्यासकट खर्च दर रंगाला ५०० रुपये, आणि छापायला दर रंगाला १२ रुपये. दोन रंगांचं डिझाइन: १००० रुपये एकदाच, पुढे नगाला २४. तेच डीटीएफवर नगाला ४५. फरक २१ रुपयांचा, म्हणजे ४८ नगांपासून स्क्रीन स्वस्त. तुझ्या भागातले खरे दर घालून हे गणित एकदा मांड आणि आकडा टेबलासमोर चिकटव. त्याखाली डीटीएफ, त्यावर स्क्रीन. फोटोसारखं बहुरंगी डिझाइन असेल तर मात्र नग जास्त असले तरी डीटीएफच. सबलिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात उतरवणं, फक्त फिक्या रंगाच्या पॉलिस्टरवर चालतं. कॉटनवर रंग बसत नाही.

डीटीएफचा प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नकोस, हे माझं ठाम मत. त्याची पांढरी शाई टायटॅनियम डायऑक्साइडची असते, ती जड, खाली बसते. रोज चालवली-हलवली नाही तर शाई सोडणारा हेड तुंबतो, आणि रोज चालवण्याइतकं काम तुला सुरुवातीला नसणार. फिल्म मीटरच्या दराने छापून देणारे आहेत. तू फक्त ती टी-शर्टावर तापवून दाबायचा चांगला हीट प्रेस घे. मीटरचे पैसे द्यायचे म्हणजे जागा वाया घालवायची नाही: छपाईची रुंदी ५६ सेंटिमीटर मिळाली तर एका मीटरमध्ये ए-फोर आकाराची सहा डिझाइन बसतात, आणि उरलेल्या १४ सेंटिमीटरच्या पट्टीत छातीवरचे ९ सेंटिमीटरचे दहा लोगो.

प्रेसवर आधी कोरा टी-शर्ट पाच सेकंद दाब, ओल निघून जाते. पावसाळ्यात हे टाळलंस तर डिझाइनचे कोपरे उचलतात. मग १५० ते १६० अंश सेल्सिअस, १२ ते १५ सेकंद. फिल्म थंड करून काढायची आहे की गरम, हे छापणाऱ्याला आधी विचार. थंडवाली गरम असताना ओढलीस की बारीक अक्षरं फिल्मबरोबर परत येतात. शेवटी बटर पेपर ठेवून आठ-दहा सेकंद पुन्हा दाब. प्लेटखाली शिलाई, कॉलर किंवा बटण येऊ देऊ नकोस, तिथे दाब उचलतो आणि शेजारचा भाग नीट चिकटत नाही. चढवणं-उतरवणं धरून एका नगाला दीड-दोन मिनिटं जातात. शंभर नगांना तीन तास सांग, एक सांगू नकोस. आणि छातीभर सलग चौकोन छापून द्यायचं टाळ, घामात तो प्लास्टिकसारखा चिकटतो. डिझाइनमध्ये कापड दिसू दे.

स्क्रीनमध्ये प्लास्टिसॉल (प्लास्टिकची, तापवूनच पक्की होणारी शाई) आणि पाण्याची शाई असे दोन रस्ते. पाण्याची शाई हाताला मऊ लागते, पण एप्रिल-मेमध्ये ती जाळीतच वाळते. पाण्याची फवारणी जवळ ठेव आणि थांबताना जाळीवर शाईचा थर ओढून ठेव. फिक्सर (शाई पक्की करणारं रसायन) त्या दिवसापुरताच मिसळ. प्लास्टिसॉल हवेत वाळत नाही, म्हणून शिकायला सोपी, पण फसवते तीच. तिचा अख्खा थर १६० अंशांपर्यंत तापायला हवा. वरून कोरडी लागते, आतून कच्ची राहते, आणि तिसऱ्या धुण्याला भेगा पडून निघते. प्रत्येक ऑर्डरीचा पहिला नग थंड झाल्यावर दोन्ही हातांनी ताण. भेग पडली तर तापमान किंवा वेळ वाढव. लाल किंवा मरून पॉलिस्टर जर्सीवर मात्र उलटी गत. जास्त तापवलीस तर कापडाचा रंग पांढऱ्या शाईत चढतो आणि पांढरा गुलाबी होतो, तोही कधी कधी दुसऱ्या दिवशी, पॅकिंग झाल्यावर. क्रिकेट टूर्नामेंटच्या जर्सीला कमी तापमानावर पक्की होणारी शाई घे.

छापताना साइजचा क्रम लाव. शंभराच्या ऑर्डरीला १०३ नग काढायचे, आणि ते जादा तीन एम, एल, एक्सएलमधले. सुरुवात त्याच साइजपासून कर, कारण पहिले दोन-चार नग बिघडायचेच. हात बसला की मग एस आणि ट्रिपल एक्सएल घे, त्यांचा बदली नग तुझ्याकडे नसतो. डिझाइनची रुंदी सगळ्यात लहान साइजवर ठेवून बघ. एक्सएलवर शोभणारं १२ इंची डिझाइन एसवर काखेत जातं. गळ्याच्या शिलाईपासून तीन इंच खाली, ही सुरुवातीची खूण. बिघडलेले नग वेगळ्या पेटीत टाक आणि वहीतून त्याच दिवशी वजा कर. पुढच्या डिझाइनची चाचणी त्यांच्यावरच घ्यायची.

प्रत्येक ऑर्डरीला एक कार्ड: साइजनिहाय संख्या, लॉट नंबर, शाईचा रंग, डिझाइनची रुंदी, द्यायची तारीख. फाइल गिऱ्हाईकाकडून येते तेव्हा मराठी अक्षरं कर्व्ह्ज करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत बदलून, आली आहेत का ते बघ. नसतील तर तुझ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात आणि 'श्री' भलतंच काहीतरी होतं. मान्यता व्हॉट्सॲपवर लेखी घे, फोनवर 'हो चालतंय' धरायचं नाही.

बिलावर टी-शर्टचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) ६१०९ टाक. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगाला जीएसटी पाच टक्के आहे. बाकी तुझ्या सीएला विचार.

गणपतीची गर्दी महिनाभर आधी सुरू होते, आणि तिरुपूरकडे सगळा महाराष्ट्र एकाच आठवड्यात भगवा मागतो. मंडळांकडून साइजच्या याद्या आषाढी झाली की मागायला लाग. तीन पुरवठादारांचे नमुने आले की तोलून, धुऊन बघ, मापं लिहून मला पाठव, आणि प्रत्येकाचा एक काळा एल माझ्याकडे कुरिअर कर.

वहिनींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
विनय