काका, बॅटरी तुम्ही धरलीत

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

रविवारला आज चार दिवस झाले, तरी माझ्या नखांतलं काळं पुरतं गेलेलं नाही. ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवला की ते दिसतं आणि मी एकटीच हसते. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, "मेंदी काढलीस का गं?" म्हटलं, हो, गिअरबॉक्सची.

नाव लिहू नको म्हणालात, नाही लिहीत. तुमच्या बटणाच्या फोनवर हे उघडणार नाही, म्हणून काकूंना पाठवते आहे. त्या मोठ्याने वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच "पुरे गं" म्हणू नका.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. गाडी २०१५ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेच्या मोटरी दोन्ही असलेली, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलेली. ठाण्यातलं कासारवडवली ते महापे, रोज. घोडबंदर रोडवर सगळे अडकून धूर ओकत असतात तेव्हा हिचं इंजिन बंद असतं आणि गाडीत लता ऐकू येते. एवढ्या एका सुखासाठी मी ती घेतली. एक लाख बारा हजार किलोमीटर झाले, आणि गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलल्याची एकही नोंद नाही. म्हटलं, बदलून घेऊ. एवढंच.

या 'एवढंच'ने मला चार महिने फिरवलं.

पहिलं गॅरेज चकाचक. काचेची खोली, कॉफीचं मशीन, काचेपलीकडे आपली गाडी. काउंटरवरचा मुलगा पहिलं वाक्य काय बोलला, तर "सर नाही आले?" सर घरी भाजी निवडत होते. मग म्हणाला, हायब्रिडचं ऑइल लाइफटाइम असतं मॅडम, बदलायचं नसतंच. मी विचारलं, कुणाच्या लाइफचं? त्याला ते कळलं नाही. पण मिनिटभराने तोच म्हणाला की मशीनने फ्लश करून देतो, साडेचौदा हजार. म्हणजे जे बदलायचंच नसतं ते साडेचौदा हजारांत बदलून मिळतं.

दुसरं नवी मुंबईत, ऑफिसच्या जवळ. तिथे जमिनीवर पिवळी रेघ, रेघेच्या आत ग्राहकांना मनाई. मी रेघेवर पाय जुळवून उभी होते, म्हणून बाकावरचा डबा तरी दिसला. सीव्हीटी ऑइल! म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. मी तिथूनच ओरडले. मेकॅनिक शांतपणे म्हणाला, "ही पण सीव्हीटीच ना मॅडम, सगळं एकच असतं."

एकच नसतं हो. साध्या सीव्हीटीत दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो. त्या पट्ट्याला पकड मिळावी म्हणून ते ऑइल तसं बनवतात. या गाडीत पट्टाच नाही. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रियस आणली, तिच्यापासून चालत आलेली ही रचना. मध्ये एक दात्यांचं चाक, त्याला एक मोटर. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, त्यांच्या चौकटीला इंजिन जोडलेलं. बाहेरच्या कड्यातून ताकद रस्त्याकडे जाते, दुसरी मोटर त्या बाजूला. आणि ऑइल नुसतं दात्यांना वंगण देत नाही, मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांची उष्णताही ओढून नेतं. म्हणून कंपनी 'डब्ल्यूएस' हे ठरावीक ऑइल सांगते. मी इंजिनिअर नाही, अकाउंट्समध्ये आहे. वाचलं की कळतं, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

गाडी तशीच खाली उतरवून घेतली. तोवर त्यांनी ऑइल भरायच्या नटावर चुकीचा पाना घालून त्याच्या कडा घासून ठेवल्या होत्या. त्याबद्दल अवाक्षर नाही. मला घरी आल्यावर, मोबाइलचा उजेड आत मारून बघितल्यावर कळलं. तपासणीचे पाचशे रुपये मात्र आठवणीने घेतले.

मग ठरवलं, आपणच करायचं. पण आमच्या टॉवरच्या कमिटीबद्दल काय सांगू. पोडियममध्ये, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, जॅक लावायला परवानगी नाही, 'दुरुस्तीस सक्त मनाई'. त्याच पोडियममध्ये दर रविवारी चेअरमनची गाडी धुतात आणि पाणी लिफ्टपर्यंत येतं. ते चालतं.

आणि मग नौपाड्यातलं ते हार्डवेअरचं दुकान. मी नटाचे वायसर मागत होते आणि दुकानदार, बिचारा चांगल्या मनानेच, सांगत होता की ताई, हे घरी नाही होत. तुम्ही शेजारी नळाची तोटी हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, "काय नाही होत ते बघू तरी." मी छापून आणलेली चित्रं तुमच्यापुढे धरली. तुम्ही कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतलात, खूप वेळ बघितलंत. मला वाटलं, आता हेही सांगणार की वीस वर्षांचा अनुभव आहे.

"हायब्रिड का काय ते मला ठाऊक नाही," तुम्ही म्हणालात. "पण नट मला कळतो."

चार महिन्यांत 'मला ठाऊक नाही' म्हणणारे तुम्ही पहिले. मी तिथल्या तिथे ठरवलं की या माणसाच्या शब्दावर गाडीखाली शिरायचं. तुम्ही वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं फिटर होतात, तुमच्या कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे, हे सगळं मला नंतर काकूंकडून कळलं. तुम्ही स्वतःहून काही सांगितलं नव्हतंत.

रविवारची सगळी कहाणी लिहीत बसत नाही. वर्तकनगरात तुमच्या बिल्डिंगच्या मागे गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढली, तुम्ही गवंड्याकडून आणलेली लेव्हल बाटली दोन्ही बाजूंनी लावून बघितलीत. का, तर या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरायचं आणि ओघळायला लागलं की थांबायचं. गाडी कलली तर माप चुकलं. गाडीची चावी तुम्ही काकूंकडे दिलीत आणि त्यांनी ती तिसऱ्या मजल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवली. ही गाडी गप्प असली म्हणजे बंद असतेच असं नाही, हे मी सांगितलं आणि तुम्ही ते जसंच्या तसं पाळलंत. केशरी वायरींना हात लावायचा नाही, मागे २४४.८ व्होल्टची बॅटरी आहे, म्हटल्यावर तुम्ही खडू मागवून जवळच्या पत्र्यावर फुली मारलीत. ज्याला आपल्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त कळतं तो आपलं ऐकून फुली मारतो, हे मला जरा जडच गेलं.

आता मला जे सांगायचंय ते.

खाली अंथरायला तुम्ही कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला होतात. मी भाऊंच्या कपाळावर पडले आणि वाट बघायला लागले की तुम्ही पाना कधी घेताय. कारण माझ्या आयुष्यात ते तसंच असतं. डोंबिवलीला बिल्डिंगखाली बाबा बजाज प्रिया उघडून बसायचे. दादाच्या हातात पाना, माझ्या हातात बॅटरी. "नीट धर! डोळ्यांवर नको मारूस! कुठे बघतेस, इथे, इथे!" ही वाक्यं पुष्कळ घरांत पाठ असतील. फरक एवढाच की दादाला पुढे बढती मिळाली. बारा वर्षांचा झाल्यावर त्याने प्लग काढला, कार्ब्युरेटर उघडला, एकदा क्लचची वायर चुकीची घालून आख्खी स्कूटर बंद पाडली आणि त्याचं कौतुकही झालं. मी लग्न होईपर्यंत बॅटरीच धरली. बाबा वाईट नव्हते, अजूनही नाहीत. त्यांना ते सुचलंच नाही.

तुम्ही पाना माझ्या हातात दिलात. मग तो गुडघा, ज्याला तुम्ही जिना उतरताना शिव्या घालता, तो हळूहळू वाकवून माझ्या शेजारी आडवे झालात. अडुसष्टाव्या वर्षी. खिशातून दोन सेलची स्टीलची बॅटरी काढलीत आणि उजेड बरोबर नटावर धरलात.

घासलेला नट होता तो. लहान हातोडीने दोन ठोके देऊन तुम्ही पाना बसवून दिलात आणि म्हणालात, "आता तू." मी जोर लावला, घसरला. पुन्हा घसरला. माझी बोटं कशालातरी आपटली. आता येणार, "दे इकडे" येणार, म्हणून मी पाना अर्धा पुढे केलासुद्धा. तुम्ही तो घेतला नाहीत. बॅटरी बोटभर डावीकडे सरकवलीत, माझ्या मनगटाची सावली पडत होती ती गेली. आणि म्हणालात, "होऊ दे. त्याला कुठे जायचंय."

पंचवीसेक मिनिटं लागली असतील. उजेड हलला नाही. तुमचा हात थरथरतो, चहाचा कप धरताना मी बघितलंय. म्हणून तुम्ही कोपर गाडीच्या खालच्या पट्टीला टेकवून ठेवलं होतंत. हे मला त्या वेळी दिसलं नाही. घरी आल्यावर तुमच्या कोपरावरचा लाल वळ आठवला आणि मग जुळलं.

कट् असा आवाज झाला तेव्हा मी पडल्या पडल्या एवढ्याने ओरडले की काकू गॅलरीत धावत आल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "आता खालचा." वरचा सुटल्याशिवाय खालचा उघडायचा नाही हे तुम्हीच बजावलं होतंत, ऑइल काढून टाकायचं आणि मग भरायचा नटच सुटत नाही म्हणून कपाळ बडवायचं, अशी फजिती नको.

बाकी झालं. जुनं ऑइल काळपट निघालं, तुम्ही ते चिमटीत चोळलंत, वास घेतलात. "जळलेलं नाही. म्हातारं झालंय." नवीन लालभडक. नट आवळताना मात्र तुम्ही एकदाच आवाज चढवलात, की केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, ताकद दाखवायची नाही, आटे जातील. बरं वाटलं ते ओरडणं. कामगाराला ओरडल्यासारखं होतं.

पैसे घेतले नाहीत. मामलेदारची मिसळ आणते म्हटलं, तर डॉक्टरने तिखट बंद केलंय. मागितलंत काय, तर ते दात्यांच्या चाकांचं चित्र. "आयुष्यभर दाते बघितले," म्हणालात, "पण दोन मोटरी आणि इंजिन एकाच घरात भांडण न करता राहतात, हे नवीन आहे." ते काकूंनी देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावलंय, असं कळलं.

सोमवारी ऑफिसात नवीन आलेली मुलगी एक्सेलमध्ये अडकली होती. सोपं होतं, मला दहा सेकंद लागले असते. माझा हात तिच्या माऊसकडे गेला. तेव्हा समजलं की मीही वर्षानुवर्षं लोकांच्या हातातून पाना काढून घेते आहे, आणि त्याला मदत म्हणते आहे. त्या पिवळ्या रेघेच्या गॅरेजवाल्यांना मी एवढ्या शिव्या घातल्या. माझीही एक रेघ आहेच. हात खिशात घातला आणि उभी राहिले. तिला अकरा मिनिटं लागली. फार अवघड गेलं हो काका. तुमचा तर गुडघाही दुखत होता.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "वायसर नवीन घातलेस ना?" मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बॅटरी कुणी धरली?"

म्हटलं, एका फिटरने.

तुमची ती बॅटरी माझ्याच गाडीत राहिलीय, पुढच्या सीटखाली. काल सापडली. रविवारी सकाळी आणून देते. सेल नवीन घातलेत. काकूंना सांगा, पोह्यांना उशीर झाला तरी चालेल.

तुमची,
गिअरबॉक्सवाली