सूचना : जुने ग्रंथ व दफ्तर जतन प्रशिक्षण

सर्व ग्रंथपाल व ग्रंथालय सेवक सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता संभाजीनगरला आपल्या नेहमीच्या सभागृहात प्रात्यक्षिक आहे. गव्हाच्या स्टार्चची खळ शिजवणे आणि फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू (अगदी पातळ पण चिवट कागद) लावणे, एवढंच शिकायचं. पण हात बसेपर्यंत. येताना रद्दीतलं एक फाटकं पुस्तक आणि मऊ ब्रश आणा. महानुभावांची पोथी, मोडी दफ्तर किंवा निजामकाळातले उर्दू कागद सरावासाठी कृपया आणू नयेत.

तोवर एवढं पाळा: सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते सुखरूप निघत नाही. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, म्हणून कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. कुलूप लावलं म्हणजे जतन झालं, असं काही नसतं!

पुढे शिकायचं असेल त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अल्पमुदतीचे वर्ग आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेचं (स्थापना १९७६) प्रशिक्षण पाहावं. मोडी वाचणाऱ्या तरुण सेवकांना आधी पाठवा.

नावं गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा. जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणावा.