शब्बाथ शाळेच्या बाईंना उघडं पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम सलाम.

रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या आपल्या शब्बाथ शाळेचा हजेरीपट आणि कपाटाच्या किल्ल्या सोपवून तुम्ही निवृत्त झालात, त्या दिवशी समितीच्या वहीत आभाराचा ठराव एका ओळीत उरकला गेला. तेवढ्यानं भागत नाही म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय ते इतर चर्चच्या मंडळ्यांतल्या शिक्षकांनी तुमची पद्धत उचलावी म्हणून.

नगरला मिशनचं काम 1831 पासूनचं. त्यामुळे इथं पालकांची जुनी समजूत आहे, की पोराला मिशन शाळेत घातलं की विश्वासाचं वेगळं बघावं लागत नाही. तुम्ही दर पालकसभेत ती खोडून काढलीत. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं घटनेचं 28वं कलम सांगतं. आणि ते रास्तच आहे, त्या बाकांवर सगळ्या धर्मांची मुलं बसतात. शाळेनं शिस्त लावावी, चांगलं शिकवावं. पवित्र शास्त्र (बायबल) हाताळायला शिकवणं हे मंडळीचं आणि घराचं काम.

मग तुम्ही फळ्यावर हिशेब मांडायचात. वर्षाचे 52 रविवार. परीक्षा, सुट्ट्या, लग्नसराई वजा जाता उरतात 40. पहिली ते दहावी मिळून 400 तास. पहिलीच्या मुलाला शाळेत एका वर्षात निदान 800 तास शिकवावं, असं शिक्षणहक्क कायदा म्हणतो. म्हणजे दहा वर्षांच्या शब्बाथ शाळेचे तास पहिलीच्या अर्ध्या वर्षाएवढे! हा आकडा पाहिला की पालक गप्प व्हायचे आणि तुम्ही लगेच मुद्द्यावर यायचात: रोज जेवणाच्या ताटावर पाच मिनिटं, पंधरवड्याचं वचन आणि त्यावर एकच प्रश्न. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं प्रेषित पौल आपल्या या तरुण सोबत्याबद्दल लिहितो, याची आठवण तुम्ही बापांनाही करून द्यायचात. घरी प्रश्न विचारायचं काम मात्र मुद्दाम त्यांच्याकडेच ठेवलंत, कारण ‘ते आई बघते’ हे उत्तर तुम्हाला पाठ झालं होतं.

वचन पाठ करून घ्यायची तुमची रीत नीट लिहून ठेवायला हवी. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ शब्द नऊ. आधी अर्थ, कारण मराठी माध्यमाच्या मुलाला ‘उणे’ म्हणजे वजाबाकीचं चिन्ह वाटतं आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाला काहीच कळत नाही. मग सगळ्यांनी दोनदा मोठ्यानं वाचायचं. एक शब्द पुसायचा, पुन्हा म्हणायचं, दुसरा पुसायचा. शेवटी फळा कोरा आणि वचन तोंडात. इथवर बरेच शिक्षक येतात. तुम्ही तेच वचन पुढच्या रविवारी विचारायचात, मग महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. पंधरवड्याला एकच वचन, म्हणजे वर्षाला वीस. नाताळच्या स्पर्धेसाठी तीस-तीस वचनं घोकून घेतली की बक्षिसाचा डबा घरी जातो आणि जानेवारीत वचनं गायब होतात. स्पर्धा बंद केल्यावर काही पालक रुसले, तरी तुम्ही बधला नाहीत.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी शास्त्र वाचताच येत नाही, ही आपली खरी अडचण. उपासनेत मोठी माणसं रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग म्हणतात तेव्हा ही मुलं नुसती उभी असतात. तुम्ही वर्गाची पहिली दहा मिनिटं जोडाक्षरांना दिलीत: ख्रिस्त, स्तोत्र, प्रार्थना, बाप्तिस्मा. गाण्यासाठी पेटी काळी एकवरून काळी पाचवर नेलीत. मोठ्यांच्या पट्टीत मुलांचा आवाज खाली उतरत नाही, म्हणून ती पुटपुटतात. त्याला आपण उगाच ‘आवड नाही’ म्हणत होतो.

आणि योना! बहुतेक वर्गांत बायबलमधला हा संदेष्टा माशाच्या पोटातून बाहेर पडला की धडा संपतो, चित्र रंगवायला घेतात. पुस्तकाचे अध्याय चार आहेत. निनवे शहराला क्षमा मिळाली म्हणून रागावलेला, वेल सुकल्यावर मरण मागणारा योना चौथ्यात भेटतो, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबतं. पाचवीच्या पुढच्या मुलांना तुम्ही तिथंच आणून सोडायचात, उत्तर न देता. ज्या मुलानं लहानपणी फक्त मासा ऐकला, त्याला आठवीत ती गोष्ट बालिश वाटते आणि तिच्याबरोबर बाकी सगळंही.

आठवीनंतरच्या गळतीवर तुमचा उपाय होता बिस्किटांचा पत्र्याचा डबा. निनावी चिठ्ठी टाकायची, उत्तर पुढच्या रविवारी. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पाळकसाहेबांना विचारते’. मित्राच्या घरी गणपतीचा प्रसाद दिला तर काय करायचं, हा प्रश्न दर भाद्रपदात यायचा. तुम्ही मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल बोलणारे, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे 8वा आणि 10वा असे दोन्ही अध्याय मुलांकडून वाचून घ्यायचात. एकच वाचला तर उत्तर अर्धवट राहतं. मित्राच्या आईचा अपमान होता कामा नये, हे मात्र चर्चेच्या आधीच सांगायचात.

दृढीकरण, म्हणजे मुलांनी मंडळीपुढे आपला विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं की मुलं ‘पास झालो’ समजून यायची थांबतात. म्हणून त्याच महिन्यात तुम्ही प्रत्येकाला काम द्यायचात: बालवर्गात मदत किंवा उपासनेत शास्त्रपाठाचं वाचन. वाचणाऱ्याला उतारा बुधवारी हातात, शनिवारी तालीम. आयत्या वेळी उभं केलेलं मूल शब्दाशब्दाला अडखळतं आणि पुन्हा पुढे येत नाही.

नव्या शिक्षकांनी दोन वर्ग सांभाळले आहेत. एका वर्गात बारापेक्षा जास्त मुलं नाहीत, तुमच्या नियमाप्रमाणे. डब्यात चार चिठ्ठ्या शिल्लक निघाल्या. तिन्हींची उत्तरं आम्ही देऊ. चौथीवर एवढंच आहे: ‘बाई परत कधी येणार?’ तिचं उत्तर तुम्हीच द्या.

आपली कृतज्ञ,
शब्बाथ शाळा समिती