ओवीची बटणं आणि बाबांचं वीजबिल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे बोलायचं दर आठवड्याला ठरवते, आणि दर आठवड्याला आईचं "ठेवते गं, दूध उतू जातंय" येतं. म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

दिवाळीनंतर तुम्ही चिपळूणला निघालात ती सकाळ अजून माझ्या घशात अडकली आहे. खाली रिक्षा उभी, बाबांचा डोळा घड्याळावर, आणि ओवी फ्रॉकची बटणं लावतेय. पाच बटणं. तिसरं काही केल्या काजात जाईना. आई, तू वाकलीस आणि बघता बघता पाचही लावून मोकळी झालीस. त्यावर तिनं जे भोकाड पसरलं! पाचही काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एस.टी. तुम्हाला जेमतेम मिळाली. जाताना तू म्हणालीस, "सावत्र आईसुद्धा एवढं करायला लावायची नाही. घरात हात नाहीत का?"

हात आहेत गं. सगळी अडचण त्या हातांचीच आहे.

तिच्या माँटेसरी बालवाडीत अधूनमधून पालकांना तासभर वर्गात बसू देतात. खुर्ची भिंतीशी, तोंड बंद, हात मांडीवर. मी गेले तेव्हा ओवीनं बुटक्या फळीवरून आपणहून एक ट्रे उचलला. "हे घे" असं कोणी सांगितलं नव्हतं. ट्रेमध्ये चिनी मातीचे दोन छोटे जग, एकात राजमा. या जगातून त्या जगात ओतायचा, बस. जग फुटणारे असतात ते मुद्दाम. प्लास्टिकचा जग आपटला तरी काही होत नाही, मग सांभाळून धरायला शिकायचं कशाला?

दुसऱ्याच खेपेला राजमा सांडला. दाणे पार कपाटाखाली गेले. मी अर्धी उठलेसुद्धा, तर ताईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बसले. ओवी एकेक दाणा वेचत होती. कपाटाखालच्यासाठी ती पालथी झोपली, गाल फरशीला टेकवून, हात खांद्यापर्यंत आत. एक मुलगा येऊन उभा राहिला, त्यानं बघितलं आणि निघून गेला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. बघताना माझ्या पोटात नुसतं कालवत होतं. सगळे दाणे गोळा झाल्यावर तिनं पुन्हा ओतले. मग पुन्हा. मन भरलं तेव्हा ट्रे उचलून होता तिथे ठेवून आली. शाब्बासकीसाठी एकदाही मान वर केली नाही, आणि घरी ही पोर चमचा उचलला तरी आधी आमच्या तोंडाकडे बघते!

तिथे वाट्टेल ते चालतं असं मात्र समजू नका. प्रत्येक साहित्य वर्गात एकच. दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं, हिसकायचं नाही. दट्ट्यांचा एक लाकडी ठोकळा आहे, दहा दट्टे आणि दहा खाचा. कुठे चूक झाली तर शेवटी एखादा दट्टा बसतच नाही. "चुकलं" हे लाकूडच सांगतं, ताईंना आवाज चढवावा लागत नाही. मला हे फार आवडलं.

बाबा, तुम्ही याला "श्रीमंतांचं फॅड" म्हणालात. फी बघता तुमचं म्हणणं खोटं नाही. पण ही पद्धत ज्यांची, त्या मारिया माँटेसरींनी पहिली बालशाळा उघडली ती रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, ६ जानेवारी १९०७ ला. आईबाप कामावर गेले की पोरं जिन्यात, भिंतींवर धुडगूस घालायची, म्हणून त्यांना एका खोलीत गोळा केलं. तिथून हे सुरू झालं. आणि कोसबाडची टेकडी मला पहिल्यांदा कोणी सांगितली? तुम्हीच ना, डहाणू तालुक्यातल्या पहिल्या नेमणुकीच्या गोष्टींमध्ये. हीच पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी नूतन बालशिक्षण संघ काढला १९२६ मध्ये. पण ताराबाईंना पुढे दिसलं की महागडं साहित्य गावात चालायचं नाही. १९४५ मध्ये बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन शिंपले, बिया, पानं, खडे यांवर तेच काम केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात गेली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलींसाठी जोडीला पाळणाघर आलं. त्यात श्रीमंती कुठली?

पाटी मात्र हल्ली कोणीही लावतं. आमच्याच रस्त्यावर तीन "माँटेसरी" आहेत. एकीत ओवीला आधी घातलं होतं. तिथे अडीच वर्षांची पोरं सकाळभर एबीसीडी गिरवत बसायची. दोन महिन्यांत काढलं, भरलेली फी गेली ती गेलीच.

आणि आई, माझ्या वेळी तू काय केलंस? मला छोटं पोळपाट-लाटणं कोणी आणून दिलं होतं? माझी हाताळून काळी झालेली कणीक तू तव्यावर भाजायचीस, आणि बाबा ती वातड पोळी मुकाट्यानं ताटात घ्यायचे. तेव्हा तुला घाई नसायची. आता नात म्हटल्यावर माया आधी धावते, एवढंच.

हे सगळं लिहितेय, पण मुळात कबुली मलाच द्यायची आहे. बाबा, त्याच दिवाळीत तुम्ही मोबाईलवर वीजबिल भरत होतात. ग्राहक क्रमांकाचा एकेक आकडा कागदावर बोट ठेवून. एक चुकला, पुन्हा पहिल्यापासून. मी कुकर लावता लावता आले आणि "द्या इकडे" म्हणून फोन तुमच्या हातातून घेतला. मिनिटभरात बिल भरलं. तुम्ही काही बोलला नाहीत. चष्मा काढलात, पुसलात, डबीत ठेवलात आणि गॅलरीत जाऊन बसलात. बटणं लावून झाल्यावर ओवीचा चेहरा झाला होता ना, तोच चेहरा. तिला निदान रडता तरी आलं.

तेव्हा या महिन्याचं बिल तुम्ही भरा. मी फोनवर असेन, पण विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. चुकलं तर चुकू दे, शेवटची तारीख वीस आहे.

मे महिन्यात येताना ते छोटं लाटणं माळ्यावर सापडलं तर घेऊन या. पोळपाटाचा एक पाय तुटला होता असं आठवतं, तरी आणा. बाबा इथेच बसवतील, ओवी खिळे धरेल. मी स्वयंपाकघरात थांबेन.

तुमची,
मीना