सदोष इनटेक मॅनिफोल्ड आणि त्यासोबत दिलेल्या चाचणी प्रमाणपत्राबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या भोसरी येथील कारखान्याकडून मी माझ्या ऑक्टाव्हिया आरएस गाडीच्या १.८ लिटर टर्बो इंजिनासाठी अॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) खास बनवून घेतला. त्यापोटी ठरलेली ६८,००० रुपयांची पूर्ण रक्कम मी आगाऊ भरली असून, बिल, दोन्ही बाजूंनी मंजूर झालेले ड्रॉइंग आणि आपले चाचणी प्रमाणपत्र यांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. मॅनिफोल्डमधील दोषांइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, माझी तक्रार त्या प्रमाणपत्राबद्दल आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मॅनिफोल्ड बसवल्यापासून सिग्नलला गाडी उभी राहिली की आयडलिंग (उभ्या गाडीत चालू इंजिनाचा वेग) वरखाली होऊ लागले, आणि कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की मागून काळा धूर निघून गाडीची ओढ कमी पडू लागली. या इंजिनात येणारी हवा टर्बोच्या आधीच एअर मास सेन्सरवर मोजली जाते. त्याच्या पुढे कुठेही फट असेल, तर आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असताना न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडलेले, होते. बूस्टला याच्या उलट, मोजलेली हवा बाहेर निसटते आणि मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त झालेले, होते. माझ्या गाडीत नेमकी हीच दोन्ही लक्षणे एकत्र दिसत होती. मेकॅनिकने टर्बोच्या तोंडाला अॅडॅप्टर लावून ०.७ बार हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले, तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या फ्लँजखालून (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या सपाट पट्टीखालून) बुडबुड्यांची सलग रांग आली, आणि दुसऱ्या इंजेक्टरच्या बॉसच्या (इंजेक्टर बसतो त्या उंचवट्याच्या) बुडाशी, वेल्डिंगमध्येच, एक बारीक छिद्र फुगे सोडताना दिसले.

मॅनिफोल्ड उतरवून मी स्वतः तो तपासला. सरळ पट्टी फ्लँजवर आडवी धरली असता ती मधल्या दोन पोर्टपाशी टेकते, आणि दोन्ही टोकांना ०.३० मिमीचे फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) अडथळ्याविना आत जाते. मंजूर ड्रॉइंगवर या पृष्ठभागाची सपाटी ०.१० मिमीच्या आत हवी असे स्पष्ट लिहिलेले आहे. दोष कसा आला हे उघड आहे. रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारे पाइप) फ्लँजला टिग वेल्डिंगने जोडले की वेल्डची बाजू थंड होताना आकसते आणि टोके त्या बाजूला ओढली जातात. म्हणून फ्लँज जाड प्लेटवर बोल्टने आवळून, वेल्डिंगचा क्रम आलटूनपालटून ठेवून, शेवटी पुन्हा फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कटरने सपाट, करण्याची पद्धत आहे. आपण पाठवलेल्या जॉबवर वेल्डिंगनंतर कटर फिरल्याची एकही खूण नाही. ज्या भोसरीत गल्लोगल्ली सरफेस प्लेट आणि मिलिंग मशिन आहे, आणि ज्या पुण्यात १९६६ पासून वाहनांची चाचणी करणारी एआरएआयसारखी संस्था उभी आहे, तेथे एवढे एक फेसिंग राहून जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या तांत्रिक विभागाने मला दूरध्वनीवर सांगितले की मॅनिफोल्ड निर्दोष आहे आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग नव्याने करून घ्यावे. हा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय इंजिनासाठी धोक्याचा आहे. लॅम्डा सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा) चारही सिलिंडरच्या एकत्रित धुरावरून सरासरी सांगतो, कोणत्या सिलिंडरला किती हवा मिळाली हे सांगत नाही. फट टोकाच्या सिलिंडरांना असेल, तर ईसीयू ती भरून काढण्यासाठी चौघांचेही इंधन वाढवतो. स्पार्क प्लग काढल्यावर तेच दिसले : पहिल्या आणि चौथ्याचे टोक पांढरट, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे काजळीने काळे. कोणताही मॅप (ईसीयूमधील इंधनाची मांडणी) ही तफावत मिटवू शकत नाही, कारण ती संगणकात नसून फ्लँजमध्ये आहे. याच मॅपवर मूळ कास्ट मॅनिफोल्ड परत बसवताच आयडलिंग स्थिर झाले, काळा धूर थांबला आणि नवे प्लग चारही सारख्या रंगाचे निघाले.

आतील काम पाहून मला अधिक धक्का बसला. ड्रॉइंगनुसार प्रत्येक रनरच्या तोंडाला गोलाई हवी होती. प्रत्यक्षात कापलेला पाइप तसाच प्लेनममध्ये (मॅनिफोल्डच्या हवा साठणाऱ्या मुख्य पोकळीत) घुसवलेला आहे. रनर बंद करून पाणी ओतून मोजले असता प्लेनमचे आकारमान ठरलेल्या ३ लिटरऐवजी जेमतेम २.१ लिटर भरले. तिसऱ्या रनरमध्ये वेल्डचा थेंब आत उतरून घट्ट झालेला आहे, आणि त्याच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा एक कण नुसत्या नखाने सुटून माझ्या हातात आला. या इंजिनात दर सिलिंडरला ३ इनटेक आणि २ एक्झॉस्ट असे ५ व्हॉल्व्ह असतात. हा कण आत गेला असता, तर व्हॉल्व्हच्या सीटवर अडकून किंवा पिस्टनवर चिरडून काय झाले असते हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. तो कण छायाचित्रासह जपून ठेवला आहे.

आता प्रमाणपत्राविषयी. त्यावर '२ बार, ३० मिनिटे, गळती शून्य' असे लिहून शिक्का मारलेला आहे. मात्र जॉबचा क्रमांक, प्रेशर गेजचा क्रमांक, तारीख आणि तपासणाऱ्याची सही यांपैकी काहीही नाही. ०.७ बारला ज्या वेल्डमधून फुगे येतात, त्याची २ बारला अर्धा तास गळती शून्य असणे शक्य नाही. मी स्वतः एका कास्टिंग कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते आणि तपासणी अहवालावर सही करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. १ बार बूस्ट म्हणजे प्लेनमच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा जोर. तो जोर ग्राहक केवळ त्या कागदावर विसंबून आपल्या इंजिनावर घेतो. न केलेल्या चाचणीचा कागद देणे हे सदोष वेल्डिंगपेक्षा गंभीर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लँज फेसिंग करून सपाट करता येईल हे मला मान्य आहे. पण रनरच्या आतला वेल्ड आणि प्लेनमचे आकारमान प्लेनम कापून उघडल्याशिवाय सुधारणार नाही, म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव मला स्वीकारता येणार नाही. भरलेली संपूर्ण रक्कम, तसेच गळतीच्या तपासणीचा आणि मूळ मॅनिफोल्ड पुन्हा बसवण्याचा जोडलेल्या पावत्यांप्रमाणे झालेला खर्च मला परत मिळावा. त्याखेरीज, असेच प्रमाणपत्र ज्या इतर ग्राहकांना दिले गेले आहे त्यांना आपण लेखी कळवून त्यांचे जॉब पुन्हा तपासावेत, ही माझी आग्रहाची मागणी आहे. कुणाच्या तरी गाडीत असाच सुटा कण आज आतमध्ये असू शकतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मॅनिफोल्ड न धुता, जसा उतरवला तसाच बांधून ठेवला आहे. आपला प्रतिनिधी माझ्यासमोर मापे घेण्यासाठी कधी येणार, हे आधी कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे