प्रश्न फोडू नकोस रे, सुध्या!

डोंबिवली, रविवार

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आपल्या दहावी ८५ च्या बॅचचा मेळावा ठरलाय, हे ग्रुपवर तू वाचलंच असशील. हॉल, वर्गणी, बासुंदी की जिलबी यावर रोज मेसेजचा पाऊस पडतोय. मी त्यात तोंड उघडलं नाही, म्हणून जेवणानंतरच्या ‘जुन्या काळाचं सामान्यज्ञान’ या खेळाचं काम माझ्या गळ्यात पडलं. ग्रुपवर विचारलं तर प्रश्न फुटणार. तू तर खेळणार नाहीस, गुण मांडणार आहेस. म्हणून थेट बडोद्याला पत्रच टाकतोय.

नंदूने कुठूनतरी आलेले शंभर प्रश्न मला पुढे ढकलले. राष्ट्रीय पक्षी कोणता, सर्वांत उंच शिखर कोणतं. तलाठ्याच्या परीक्षेला ठीक आहे रे, पण भरल्या पोटी बसलेल्या आपल्या मंडळींना याचं काय? एक जण उत्तर देणार आणि बाकीचे बडीशेप शोधायला उठणार. मला असे प्रश्न हवेत की कानावर पडताच सगळे एकदम ओरडले पाहिजेत, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं पाहिजे.

उदाहरणार्थ, महाराष्ट्रात जिल्हे किती? हसू नकोस. १ मे १९६० ला होते २६. आपण चौथीत बाईंसमोर उभे राहून घडाघडा म्हटले ते २६च. मग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना आले, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, म्हणजे दहावीच्या पेपरात ३०. आज ३६. मी विचारणार, ‘आपण दहावीला होतो तेव्हा किती?’ बघ कशी जुंपते ती. चौथीतलं पाठांतर इतकं पक्कं बसलंय की निम्मे लोक २६ वरून हलणारच नाहीत.

क्रिकेटचे दोन घेतलेत. पहिला, १९८३ च्या अंतिम सामन्याचा सामनावीर कोण? ‘कपिल’ म्हणून गलका होईल. होता मोहिंदर अमरनाथ. २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी. दुसरा प्रश्न जरा दुष्टपणाचा आहे. कपिलच्या नाबाद १७५ धावा तुम्ही कुणाच्या घरी टीव्हीवर पाहिल्या? पैज लाव, किमान तिघं तरी घराचं नाव सांगतील, सोबत चहा कुणी केला तेही सांगतील. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध आपले ५ गडी १७ वर गेलेले. त्या दिवशी मैदानावर बीबीसीचा कॅमेराच नव्हता. जगात कुणीच ती खेळी टीव्हीवर पाहिली नाही. या प्रश्नाला गुण नाहीत, नुसती मजा. गाजरेला आधी सांगू नकोस, तो गेली कित्येक वर्षं ती खेळी ‘पाहिलेली’ सांगतोय.

आता खरी गंमत, आणि इथे मला तू हवा आहेस. काकांचा तो नाण्यांचा बॉर्नव्हिटाचा डबा आहे ना अजून? तो घेऊन ये. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, कापडी पिशवीत हात घालायचा आणि चाचपून नाणं ओळखायचं. वाटतं तितकं सोपं नाही हं. काल मी घरात सापडली तेवढी टेबलावर मांडून बसलो होतो. अॅल्युमिनियमची ती नाणी बोटाला अगदी हलकी लागतात. एक पैसा चौकोनी आणि पाच पैसेही चौकोनी, कोपरे गोल केलेले. दोन पैशांची कड नागमोडी, दहा पैशांचीही नागमोडीच, फक्त मोठी. तीन पैसे षट्कोनी आणि पुढे आलेले वीस पैसेही षट्कोनी. म्हणजे आकारावरून उत्तर द्यायला गेलास की फसलास, बोटांनी माप घ्यावं लागतं. आमच्या हिने पहिल्या फटक्यात सगळी ओळखली, मी दोन-दहात अडकलो. तीन पैसे माझ्याकडे एकच आहेत, तेही झिजलेले. तुझ्या डब्यात असतील तर वेगळ्या कागदात बांधून आण. जोडीला तोंडी प्रश्न, एका रुपयात पै किती? बारा पैचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे १९२. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, आपण कुणी पै पाहिलेली नाही, पण ‘चार आणे’ आपण सगळेच म्हणत होतो. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. आठ आणे मात्र आजही कायद्याने चालतात. आमच्या वाण्याला हे पटवून दे बघू!

रेडिओचे प्रश्न काढताना मीच रंगून गेलो. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून कुणाची? सगळे कुणातरी पंडितांचं नाव घेतील. ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी. नाझींच्या भीतीने युरोप सोडून मुंबईत आलेला ज्यू माणूस, मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहायचा. दुसरा प्रश्न, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार करणारा मंत्री कोण? बा. वि. केसकर. मराठी माणूस! शास्त्रीय संगीताचं भलं व्हावं म्हणून त्यांनी हे केलं, आणि भलं झालं ते रेडिओ सिलोनचं. १९५२ मध्ये तिथून अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली आणि अख्खा देश सिलोन लावून बसला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता असं माझं मत, पण लोकांच्या कानाला कुलूप लावता येत नाही.

टीव्हीचे प्रश्न फार घेतले नाहीत, त्यात सगळेच पंडित आहेत. चिमणराव म्हणजे प्रभावळकर हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणून मी गुंड्याभाऊ विचारणार. बाळ कर्वे. आणि राकेश शर्मा अंतराळातून काय बोलला ते न विचारता, त्याच्या जोडीने तयारी करून जमिनीवर राहिलेला दुसरा वैमानिक कोण ते विचारणार. रवीश मल्होत्रा. बिचाऱ्याला कोण आठवतं?

या पत्रावर पिन कोड घालताना एक प्रश्न सुचला. तुझा ३ ने सुरू होतो, माझा ४ ने. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आली, ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! आणि ९ ने सुरू होणारा पिन कुणाचा? सैन्याचा. सावंत फौजेत होता, त्याच्या टीमला हा द्यायचा नाही.

एका प्रश्नापाशी मात्र माझं अडलंय. १९८२ साल म्हटलं की एशियाड, अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही हे सगळे सांगतील. पण त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आपल्या वर्गात बाब्याचे वडील गिरणीत होते, पुढे तो सहलीला आला नाही, आणि का ते आपण कुणी विचारलं नाही. संपाचा प्रश्न वगळला तर आपल्याला फक्त गोड तेवढंच आठवतं असं होतं, घातला तर हसत्याखेळत्या टेबलावर त्याला काय वाटेल? मला तर वाटतं त्यालाच आधी फोन करावा. तुझं आणि त्याचं जास्त जमतं, तू केलास तर बरं होईल.

नियम दोनच. मोबाइल सगळ्यांचे टोपलीत, आणि नवरा-बायको एका टीममध्ये नाहीत. वहिनींना सांग, मागच्या वेळेसारखं स्वयंपाकघरात अडकायचं नाही, खेळायचं आहे. गुणांची वही आणि स्टॉपवॉच तुझ्याकडे. भांडण लागलं तर अखेरचा शब्द तुझा, मी मध्ये पडणार नाही.

काकूंना साष्टांग नमस्कार. डबा विसरू नकोस, आणि बाब्याशी बोलणं झालं की लगेच कळव. त्यावर १९८२ चं पान ठरवायचंय.

तुझा,
विन्या