दोघांत मिळून एक सायकल नको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी सायकलीचा विषय काढला आणि लगेच किमतीवर घसरले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सायकल घ्यायची हे मला एकदम पटलं. दोघांत मिळून एक, हे मात्र नाही. बाबा पावणेसहा फूट, आई जेमतेम पाच. सीट वरखाली होते, फ्रेम होत नाही.

बाबा, दुकानदार तुम्हाला आधी जाड टायरची, पुढेमागे स्प्रिंगवाली माउंटन बाइक दाखवेल. दिसते झकास, पण ती दगडाधोंड्यांच्या वाटेसाठी. विश्रामबागेतून आयर्विन पुलापर्यंतच्या सपाट डांबरी रस्त्यावर ती स्प्रिंग तुमचाच जोर खाईल, वर वजन आहेच. वाकड्या हँडलची रेसरही नको. तिच्यावर ओणवं होऊन बसावं लागतं, तुमच्या कंबरेला ते झेपायचं नाही. तुम्ही हायब्रिड घ्या : हँडल सरळ, टायर ३५ ते ४० मिलिमीटर. गिअर ७ पुरे. २१ गिअरचं कौतुक ऐकून घ्या आणि सोडून द्या. जड गिअरवर रेटलं की गुडघे बोलतात, म्हणून हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवायचे. डिस्क ब्रेकसाठी जादा पैसे मोजू नका. साध्या ब्रेकचे रबर आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही बदलून देतो.

सीटची उंची मात्र नीट बघून घ्या. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे पाय टेकावेत म्हणून सीट पार खाली घेतात आणि गुडघे दुखले की सायकलीला नावं ठेवतात.

आई, तुझं वेगळं. शाळेत नोकरीला होतीस तेव्हा लेडीज सायकल चालवायचीस, पण त्याला आता किती वर्षं झाली! या वयात पडायची भीती चालवताना कमी, चढता-उतरताना जास्त. म्हणून फ्रेमची दांडी अगदी खाली उतरलेली हवी, टांग टाकावी लागता कामा नये. चाक २४ किंवा २६ इंची, चेनवर पूर्ण कव्हर (तुझी ओढणी!), मागच्या चाकाला साडीगार्ड, पुढे भाजीपुरती बास्केट. हात बसेपर्यंत तुझी सीट मुद्दाम खाली ठेवू, दोन्ही पाय टेकतील इतकी. वर लिहिलेला नियम तुला नंतर.

बाबा, ई-सायकलचं म्हणाल तर २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर लायसन्स-नोंदणी लागत नाही. पण सांगलीत चढ आहे कुठे? ती साताऱ्याच्या मावशीला सुचवा. तुम्हाला ते बॅटरीचं ओझं जिन्यावरून कोण चढवून देणार?

आणि चिनूला 'पुढे होईल' म्हणून मोठी सायकल घेऊ नका. ब्रेकपर्यंत त्याची बोटं पोचायला हवीत.

दुकानासमोर एक चक्कर मारल्याशिवाय बिल करू नका, आणि बिलाआधी मला फोन करा. आई, तू स्वतः जा. नाहीतर बाबा तुझ्यासाठी गुलाबी रंगाची घेऊन येतील.

तुमची,
मनी